फुटलेली चिनी मातीची भांडी जोडताना

गोंदाची बाटली उघडण्याआधी भांड्याचं पुढे काय करायचं ते ठरवा. घरगुती इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतो, शिवाय अन्नाला लागलेला चालेलच याची खात्री नसते. म्हणून जोडलेली बशी शोभेला किंवा सुकी वस्तू ठेवायला ठीक. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर बाद. कपाचा तुटलेला कान जोडून त्यात उकळता चहा तर मुळीच घेऊ नका. कान हातात राहील आणि चहा मांडीवर सांडेल.

बारीक कपच्यांसकट सगळे तुकडे गोळा करा. कडा एकमेकांवर घासू नका, झिजलेली कड पुन्हा नीट बसत नाही. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. सच्छिद्र मातीचं भांडं पाणी पितं, त्याला पूर्ण दिवसभर वाळू द्या. मग खिडकी उघडून, गॅसपासून लांब, कडांवरून ॲसिटोनचा (तेलकटपणा काढणारा, चटकन पेट घेणारा द्रव) बोळा फिरवा. त्यानंतर कडांना बोट लावायचं नाही. पूर्वी कुणी इन्स्टंट ग्लूने जोडलं असेल तर तो थर आधी ॲसिटोनने काढावा लागतो, नाहीतर नवा गोंद मातीला न धरता जुन्या गोंदाला धरतो.

खरी मेहनत पुढे आहे. गोंद न लावता सगळे तुकडे टेपने जोडून पाहा आणि पेन्सिलने क्रमांक घाला. क्रम चुकला तर शेवटच्या तुकड्याला आत शिरायला वाटच उरत नाही. दोनच तुकडे असतील तर पाच मिनिटांत धरणारा इपॉक्सी चालतो; जास्त असतील तर सावकाश धरणारा घ्या, म्हणजे तुकडे सरकवायला वेळ मिळतो. रेझिन आणि हार्डनर पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला की जोड कायमचा चिकट राहतो. टूथपिकने एकाच कडेला पातळ थर द्या. जाड थर दिला तर प्रत्येक जोडात केसभर जागा वाढते आणि पाचवा तुकडा बसतच नाही.

तुकडा दाबून बसवल्यावर सांध्यावरून नख आडवं फिरवा. नख अडखळलं तर पातळी चुकली आहे, आत्ताच सरकवा. सांध्याला काटकोनात, दोन्ही बाजूंनी टेपच्या ताणलेल्या पट्ट्या लावा. भांडं वाळूच्या पसरट डब्यात असं रोवा की वरच्या तुकड्याचं वजन सरळ जोडावर येईल. बाहेर आलेला गोंद ओला असताना ॲसिटोनने पुसू नका, ते सांध्यात झिरपतं. तो रबरासारखा झाला की ब्लेड आडवं धरून खरवडा. 24 तास हात लावू नका.

कडेचा टवका उडाला असेल तर इपॉक्सीत टाल्कम पावडर घालून घट्ट लगदा करा आणि खड्डा किंचित फुगीर भरा. सुकल्यावर 400 आणि मग 800 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा. आजूबाजूच्या झिलईवर टेप लावा, तिच्यावर ओरखडे लगेच उठतात. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासणं टाळाच.

टिचकी मारल्यावर खणखणीत न वाजता बद्द वाजलं तर आत केसासारखा तडा असू शकतो. दुधात उकळून तो मिटतो असं सांगतात. दुधातलं केसीन हे प्रथिन रेघ थोडी झाकतं, ताकद देत नाही. त्यापेक्षा हेअर ड्रायरने भांडं कोमट करून पातळ, सावकाश धरणारा इपॉक्सी तड्यावर ओढा. उष्णतेने तो आणखी पातळ होऊन आत शोषला जातो.