खानदेशातील व्यवसायांचे चित्रपत्ते घरी कसे करावेत

इंग्लंडमध्ये १८५१ च्या सुमारास जॉन जॅक्स यांच्या कंपनीने ‘हॅपी फॅमिलीज’ हा पत्त्यांचा खेळ बाजारात आणला. त्याची मूळ चित्रे जॉन टेनिएल यांनी काढली, असे मानले जाते. बेकरीवाला, खाटीक, शिंपी अशा प्रत्येक व्यवसायाचे एक कुटुंब आणि त्यात वडील, आई, मुलगा व मुलगी असे चार पत्ते, ही त्याची रचना आहे. याच धर्तीवर खानदेशचा संच करता येतो, परंतु दोन बाबी आधी ठरवून घ्याव्यात.

पहिली बाब नावांची. आपल्याकडे व्यवसायावरून जात ओळखण्याची सवय इतकी जुनी आहे, की पत्त्यावर आडनाव छापले तर मुले खेळता खेळता तीच सवय उचलतील. म्हणून कुटुंबाला कामाचेच नाव द्यावे. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. मूळ पत्त्यांवर आई केवळ ‘बेकरीवाल्याची बायको’ म्हणून येते, तर प्रत्यक्षात घरचा व्यवसाय सगळ्यांच्या हातांनी चालतो. त्यामुळे चार पत्त्यांवर कामाच्या चार पायऱ्या दाखवाव्यात. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागेवर, एकाने ओली मिरची पसरावी, आजीने देठ खुडावेत, मुलीने पोते भरावे आणि वडिलांनी ते तोलावे. कुंभाराच्या घरी माती मळणे, चाक फिरवणे, मांडे भाजायचे खापर घडवणे आणि भट्टी लावणे असा क्रम घेता येईल. रावेर-यावलची केळी, जळगावची सराफी, भुसावळची रेल्वे हेही विषय घ्यावेत. मात्र प्रत्येक काम जवळून पाहून, अवजार हातात कसे धरतात याचे कच्चे रेखाटन करूनच चित्र काढावे, कारण अशा पत्त्याचा जीव त्या पकडीत असतो.

दहा कुटुंबांचे ४० पत्ते पुरेसे होतात. चित्रे ड्रॉइंग पेपरवर काढून स्कॅन करावीत आणि ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाच्या जाड कागदावर छापून घ्यावीत, म्हणजे मूळ चित्रे सुरक्षित राहतात. पत्ता ६ × ९ सेंमी ठेवल्यास ए-फोर आकाराच्या एका कागदावर नऊ पत्ते बसतात, म्हणजे पाच कागद लागतात. पाठीमागची नक्षी सर्व पत्त्यांवर एकसारखी आणि उलटसुलट धरली तरी तशीच दिसणारी हवी.

खेळताना सर्व पत्ते वाटून टाकावेत. ज्याची पाळी असेल त्याने कोणा एकाकडे नेमका पत्ता मागावा, परंतु त्या कुटुंबाचा निदान एक पत्ता स्वतःच्या हातात असला पाहिजे. पत्ता मिळाला तर त्याने पुन्हा मागावे. न मिळाल्यास ज्याच्याकडे मागितला त्याची पाळी येते. चारही पत्ते जमले की कुटुंब खाली मांडावे. सर्वाधिक कुटुंबे जमवणारा जिंकतो. लहान मुले असतील तर प्रत्येक पत्त्याच्या तळाशी त्या कुटुंबातील उरलेल्या तिघांची कामे बारीक अक्षरात छापावीत, म्हणजे काय मागायचे ते त्यांना पाठ करावे लागत नाही.