वाचननोंद ठेवताय? या चुका टाळा

जानेवारीत हौसेनं नवी वही येते, वाचलेल्या पुस्तकांची नोंद सुरू होते आणि होळीच्या आसपास ती बंद पडते. दोष आळसाचा असतोच असं नाही. बऱ्याचदा वहीकडून आपण नको ते काम करून घेत असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कथानक उतरवून काढणं. ‘बनगरवाडी’ वाचून ‘तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो, शाळा चालवतो, शेवटी दुष्काळ पडतो. छान.’ असं लिहिलं, तर वर्षभरानं त्यातून काय हाती लागणार? एवढं तर मलपृष्ठावरही सापडतं. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘तालमीची इमारत उभी करायला सगळा गाव राबतो, आणि पुढे दुष्काळात तोच गाव उठून जातो. ते वाचल्यावर पुस्तक मिटून ठेवलं, दुसऱ्या दिवशीच पुढे गेलो.’ दोन-तीन वाक्यंच आहेत, पण ती फक्त तुम्हीच लिहू शकता. आवडलेल्या जागेचा पान क्रमांक शेजारी टाका. पुस्तक वाचनालयाचं असेल तर तो हवाच, कारण ते परत करावं लागतं.

दुसरी चूक, सगळ्या प्रकारांना एकच मोजपट्टी लावणं. पाचपैकी चार तारे कादंबरीलाही आणि कवितासंग्रहालाही दिले, तर त्या चाराला अर्थ काय उरतो? ‘कोसला’ (1963) ही कादंबरी आहे आणि ‘बलुतं’ (1978) हे आत्मकथन. दोन्हींत ‘मी’ बोलतो, पण पांडुरंग सांगवीकर हे रचलेलं पात्र आहे, तर दया पवार आपल्यातल्याच दगडूला बोलतं करतात. हा फरक ताऱ्यांत मावत नाही. मला तर तारे पूर्ण सोडून द्यावेत असंच वाटतं. कादंबरीसाठी एखादं पात्र, वैचारिक पुस्तकासाठी न पटलेला मुद्दा, कवितेसाठी पुन्हा वाचावीशी वाटलेली कविता, एवढं नोंदवलं की भागतं.

कथासंग्रह आणि कविता सलग ‘संपत’ नाहीत, म्हणून त्या वहीत येतच नाहीत. दिवाळी अंकांचंही तेच. 1909 साली ‘मनोरंजन’नं सुरू केलेली ही परंपरा आपल्या वाचनाचा केवढा मोठा भाग आहे! अंकाचं नाव, वर्ष आणि आवडलेला लेख किंवा कथा अशी नोंद ठेवा; नाहीतर ‘ती कथा कुठे वाचली होती?’ म्हणत जुने गठ्ठे उपसावे लागतात.

अनुवादकाचं नाव गाळू नका. ‘पाडस’ची मराठी राम पटवर्धनांची आहे, भैरप्पांचं ‘पर्व’ आपल्यापर्यंत उमा कुलकर्णींनी आणलं. नाव लिहायची सवय लागली, की पुढचं पुस्तक अनुवादक बघूनही निवडता येतं.

अर्धवट सोडलेली पुस्तकंही लिहाच. कुठल्या पानावर सोडलं आणि का, एवढं पुरे. ‘भाषा जड गेली’ आणि ‘तेव्हा घरात आजारपण होतं’ ही दोन वेगळी कारणं आहेत. दुसऱ्या कारणानं सुटलेलं पुस्तक पुन्हा हाती घ्यायला हवं.

वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प केला तर मात्र जपून. आकडा गाठायच्या नादात जाडजूड पुस्तकं मागे पडतात आणि पातळ पुस्तकं पुढे येतात. पुस्तकं मोजायला हरकत नाही, पण वर्ष सरल्यावर.

आणि नोंदीत खंड पडलाच, तर मागचं सगळं भरून काढत बसू नका. तिथेच वही कायमची मिटते. आठवतील तेवढी नावं एका ओळीत लिहा, खाली रेघ मारा आणि सध्या वाचत असलेल्या पुस्तकाची नोंद सुरू करा.