रेडीमेड गेमिंग पीसी की स्वतः जोडलेला? या चुका टाळा

‘रेडीमेड घेऊ की असेंबल करू?’ असं विचारणारे बहुतेक जण सोबत एकच ओळ पाठवतात: रायझन ५, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी. एवढ्यावरून निर्णय होत नाही. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) कोणता आणि किती वॅटचा, मदरबोर्ड कुठल्या मापाचा, रॅमच्या स्टिक किती, हे सगळं त्या ओळीच्या बाहेर राहतं आणि मशीन किती वर्षं टिकणार ते त्यावरच ठरतं.

रेडीमेड घेताना एसएमपीएस आणि मदरबोर्ड न विचारणं

ही चूक दोन-तीन वर्षांनी उघडी पडते, म्हणूनच ती सगळ्यात महाग. नेहमीचा प्रकार असा. आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड असलेला रेडीमेड पीसी घेतला, छान चालला. मग नवे गेम जड जायला लागले म्हणून आरएक्स ७८०० एक्सटी आणलं. ते कार्ड २६३ वॅट खातं आणि त्याला ८ पिनचे दोन कनेक्टर लागतात. कॅबिनेट उघडलं तर आत ५०० वॅटचा एसएमपीएस आणि ८ पिनची एकच केबल. ठीक आहे, एसएमपीएस बदलू म्हटलं, तर मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनचा सॉकेटच नाही. कंपनीने स्वतःच्या रचनेचा कनेक्टर दिलाय. मग मदरबोर्ड बदलायचा, तर कॅबिनेटमधली स्क्रूची छिद्रं एटीएक्स या प्रमाण मापाशी जुळत नाहीत आणि पॉवर बटणाची वायरही वेगळीच. एका कार्डापायी एसएमपीएस, बोर्ड आणि कॅबिनेट तिन्ही गेले. शिवाय पीसीसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स सहसा जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, म्हणजे तेही पुन्हा घ्यावं लागतं.

इथेच काही जण साटा केबलवरून (हार्ड डिस्क, एसएसडीला वीज देणारी) ८ पिन काढून देणारा अडॅप्टर लावतात. कृपा करून लावू नका. साटा कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता जेमतेम ५४ वॅट, आणि ८ पिनमधून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. कनेक्टर वितळतो.

म्हणून विक्रेत्याकडून या गोष्टी लेखी घ्या: मदरबोर्डचं पूर्ण मॉडेल, एसएमपीएसचं मॉडेल व वॅट, ८ पिनच्या केबल किती, रॅमचा वेग आणि स्टिकची संख्या, एसएसडीचं मॉडेल. ‘गेमिंग बोर्ड’, ‘६०० वॅट’ अशी मोघम उत्तरं मिळाली तर ते मशीन सोडून द्या. उलट सगळे भाग बाजारात सुटे मिळणारेच असतील, तर रेडीमेड घेण्यात काहीही कमीपणा नाही. एकाच ठिकाणची वॉरंटी ही खरी सोय आहे. स्वतः जोडलेल्या मशीनमध्ये नेमका कोणता भाग बिघडलाय हे आधी तुम्हालाच शोधावं लागतं.

रॅमची एकच स्टिक

१६ जीबी म्हणजे १६ जीबीच, असं नाही. डीडीआर४ ३२०० (रॅमची पिढी आणि वेग) ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी बँडविड्थ देते, दोन स्टिक ५१.२ देतात. एक स्टिक असली की गेममध्ये सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरा दिसतो, पण गर्दीच्या दृश्यात गेम अडखळतो. ८ च्या दोन घ्या. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा. मग बायोसमध्ये (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते. रेडीमेडमध्येही हे तपासा.

स्वतः जोडताना जुन्या केबल वापरणं

मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. प्लग बसतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. मदरबोर्ड, कार्ड किंवा ड्राइव्हकडची पिनरचना ठरलेली असते. एसएमपीएसकडच्या टोकाची नसते. ती कंपनीगणिक बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही. जुन्या केबल कॅबिनेटच्या मागे नीट बांधलेल्या असतात, त्या सोडवायला नकोत म्हणून फक्त डबा बदलला जातो. मग ५ व्होल्टच्या पिनवर १२ व्होल्ट येतात आणि बटण दाबताक्षणी साटा ड्राइव्ह जळतात, त्यावरच्या डेटासकट. वाचवलेला वेळ असतो अर्ध्या तासाचा. एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या केबल बदला आणि उरलेल्या त्याच्याच खोक्यात नाव लिहून ठेवा.

‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून घाबरून सगळं उचकटणं

आधी थांबा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेतो ते) चालतं आणि स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. अधीर माणूस नेमका तेव्हाच पॉवर बंद करतो. दहा-पंधरा मिनिटं गेली तर या क्रमाने बघा:

१. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावली आहे ना.
२. प्रोसेसरची ८ पिनची केबल बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात बसली आहे ना. ती विसरली तरी पंखे फिरतात, म्हणून फसायला होतं.
३. एकच रॅम स्टिक ठेवून, ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा.
४. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) असे दिवे असतील तर कोणता अडकलाय ते वाचा.
५. सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीला न्या.

प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बायोस जुना असण्याची शक्यता मोठी. फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. त्या बटणाने प्रोसेसर चालत नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. आणि कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम एवढ्यावर सुरू करून बघा. बिनाग्राफिक्सचा प्रोसेसर असेल, उदाहरणार्थ इंटेलचा ‘एफ’वाला, तर कार्डही जोडा.

बाकीच्या

कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढा.

बोर्डाला छिद्र नसेल तिथला जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड टेकतो तो कॅबिनेटमधला धातूचा खुंट) काढा, शॉर्ट होतो.

कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये कॅबिनेटशी जुळवूनच ऑर्डर द्या.

एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर डीडीआर४ रॅम बसत नाही.

ग्राफिक्स कार्डाचा १६ पिनचा पॉवर कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, अर्धवट राहिला तर तापून वितळतो.

कुरिअरने आलेल्या रेडीमेडमध्ये आत फोम भरलेला असू शकतो. झाकण उघडून तो काढल्याशिवाय चालू करू नका.

किमतीची तुलना अर्धवट करणं

सुट्या भागांच्या बेरजेत विंडोज, कूलर, जादा पंखे धरलेलेच नसतात आणि मग ‘रेडीमेड लुटतात’ असं ठरतं. तेच भाग, तीच मॉडेल्स, तीच वॉरंटी धरून यादी करा. २०२१ च्या तुटवड्यात सुटं ग्राफिक्स कार्ड इतकं महाग होतं की अनेकदा अख्खा रेडीमेडच परवडायचा. म्हणजे उत्तर त्या महिन्याच्या बाजारावर ठरतं, जुन्या व्हिडिओतल्या सल्ल्यावर नाही. फरक विंडोज आणि जोडणीच्या मजुरीएवढाच निघाला आणि भाग सुटे मिळणारे असतील, तर रेडीमेड घ्या. त्याच पैशात स्वतः जोडून एक पायरी वरचं कार्ड येत असेल आणि बिघाड शोधायची तयारी असेल, तर जोडा.

कुठलाही मार्ग घेतलात तरी परत करण्याची मुदत संपायच्या आत अर्धा तास जड गेम चालवून प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान बघा, आणि १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर तर अडकलेला नाही ना, तेही.