थंड हवामानातील कौटुंबिक द्राक्षबाग : लागवडीपासून बाटलीपर्यंत

थंड प्रदेशात स्वतःची बाग लावून उत्तम वाइन करू पाहणाऱ्या कुटुंबाने जमीन आणि भांडवल यांच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे : वर्षातल्या सर्वांत धावपळीच्या आठवड्यात घरातली किती माणसे बागेत उभी राहू शकतील? हा आठवडा तोडणीचा नसतो. तोडणीला नातलग येतात, मित्र येतात, रोजंदारीची माणसेही मिळतात. खरी ओढाताण फुलोऱ्याच्या आगेमागे होते; त्या काळात फुटी झपाट्याने वाढतात, त्या तारांमध्ये वेळेवर घ्याव्या लागतात, वांझफूट (घड न येणारी फूट) काढावी लागते आणि फवारणीचा दिवस चुकवून चालत नाही. दोन मीटरच्या ओळी आणि वेलांत एक मीटर अंतर धरले तर एका हेक्टरमध्ये ५,००० वेल बसतात. पूर्ण वेळ राबणाऱ्या दोन माणसांनी याहून मोठी सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान बागेचा एकमेव मोठा फायदा म्हणजे प्रत्येक काम त्याच्या नेमक्या दिवशी करता येणे, आणि बाग आवाक्याबाहेर गेली की हा फायदाच उरत नाही.

जागा आणि दहिवर

थंड हवामानात जमिनीच्या सुपीकतेपेक्षा उष्णता दुर्मीळ असते, त्यामुळे जागेची निवड उष्णतेच्या हिशेबाने करावी. हंगामातल्या प्रत्येक दिवसाच्या सरासरी तापमानातून १० अंश सेल्सिअस वजा करून उरलेल्या अंशांची सात महिन्यांची बेरीज केली, म्हणजे त्या जागेची उष्णता-बेरीज मिळते. कॅलिफोर्नियातील अमेरिन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या वर्गवारीत सुमारे १,४०० च्या खालची बेरीज सर्वांत थंड गटात मोडते. जवळच्या हवामान केंद्राची आकडेवारी उपयोगी असली तरी तिच्यावर विसंबून राहू नये. उंची १०० मीटरने वाढली की तापमान साधारण ०.६ अंशाने उतरते, आणि एकाच टेकडीच्या दोन अंगांत बराच फरक असू शकतो. नियोजित जागेवर निदान एक पूर्ण वर्ष स्वतःचे तापमापक ठेवावे, वेलीच्या उंचीवर आणि सावलीत.

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचा उतार आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडचा उतार निवडावा. सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावरील जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यात रिझलिंग हे पांढरे द्राक्ष पिकते, ते दक्षिणाभिमुख कड्यांच्या आणि दिवसाची ऊब धरून ठेवणाऱ्या पाटीच्या दगडांच्या बळावर. तरीही उताराचा खरा उपयोग रात्री कळतो. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उतरून तळाशी साचते. त्यामुळे उताराचा मधला पट्टा सर्वांत सुरक्षित असतो, माथ्यावर वारा झोडपतो आणि पायथ्याशी दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडते. पायथ्याला दाट कुंपण किंवा झाडोरा असेल तर त्यात मोकळी वाट ठेवावी, नाहीतर तेथे थंड हवेचे तळेच तयार होते.

वसंतात डोळे फुटल्यावर उणे १ ते उणे २ अंशांतही कोवळी फूट जळते. त्यानंतर दुय्यम डोळे फुटतात, पण त्यांवर घड कमी येतात. बचावाचे उपाय आहेत, मात्र प्रत्येकाला अट आहे. हवा ढवळणारा पंखा वरच्या थरात ऊबदार हवा असेल तरच उपयोगी पडतो. ओळींमध्ये पेटवायच्या मोठ्या मेणबत्त्यांसाठी मध्यरात्री उठणारी माणसे लागतात. तुषार सिंचनात पाणी गोठताना बाहेर पडणारी उष्णता फुटीला वाचवते, पण बर्फ वितळेपर्यंत पाणी अखंड चालू ठेवावे लागते. मध्येच थांबले तर नुकसान आणखी वाढते. फ्रान्सच्या शाब्ली या थंड वाइन-प्रदेशात हे सगळे उपाय वर्षानुवर्षे वापरले जातात, तरी एप्रिल २०२१ च्या थंडीने देशभरातल्या बागांना जबर फटका दिला. म्हणून उपायांवर खर्च करण्याआधी जागा पुन्हा एकदा पाहावी.

वाण आणि खुंट

पिनो न्वार (काळे द्राक्ष) आणि शार्डोने (पांढरे) लवकर फुटतात, म्हणून दहिवराचा धोका असलेल्या भागात ते लावू नयेत. रिझलिंग उशिरा फुटते आणि तिची काडी कडाक्याची थंडी बऱ्यापैकी सोसते, पण ती पिकायलाही उशीर लावते. हंगाम आखूड असेल तर तिची आम्लता उतरतच नाही. १८८२ मध्ये तयार झालेले म्युलर-थुर्गाऊ आणि फ्रायबुर्ग येथे १९७५ मध्ये तयार झालेले रोगप्रतिकारक सोलारिस लवकर पिकतात, आणि अगदी उत्तरेकडच्या बागांत सोलारिसला पर्याय थोडेच आहेत. एका हेक्टरमध्ये दोन, फार तर तीन वाण लावावेत. यापेक्षा जास्त वाण लावले की प्रत्येकाचा रस इतका थोडा निघतो की लहान टाकीसुद्धा नीट भरत नाही.

फायलोक्सेरा या मुळांवरील किडीमुळे, ही कीड सोसणाऱ्या खुंटावर (मुळांच्या भागावर) बांधलेली कलमी रोपे घेणे जवळपास सगळीकडे अपरिहार्य आहे. खुंट निवडण्याआधी मातीतला चुना तपासावा : चुनखडीच्या जमिनीत ४१बी हा खुंट टिकतो, तर ३३०९ या खुंटावरच्या वेली पिवळ्या पडतात. एसओ४ हा खुंट जोमाने वाढतो, आणि थंड, ओलसर, सुपीक जमिनीत हा जोम पानेच वाढवतो.

छाटणी आणि उन्हाळ्यातली कामे

थंड भागात कायमचे ओलांडे (तारेवरच्या आडव्या फांद्या) ठेवण्यापेक्षा दरवर्षी नवी काडी वाकवून बांधण्याची गुयो पद्धत सोयीची पडते. वेलीसमोर उभे राहून आधी पुढच्या वर्षाचा विचार करावा. खोडाच्या डोक्याजवळ, तारेच्या थोडे खाली फुटलेली काडी शोधावी. ती पेन्सिलीएवढी जाड, पूर्ण तपकिरी आणि टणक असावी, डोळे फार विरळ नसावेत, आणि गेल्या उन्हाळ्यात तिच्यावर ऊन पडलेले असावे. सावलीत वाढलेल्या काडीचे डोळे बहुधा वांझ निघतात. हिच्यावर ८ ते १० डोळे राखून ती तारेला आडवी बांधावी. तिच्या खालच्या बाजूला दोन डोळ्यांचा एक खुंटारा ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षीची काडी तेथून मिळेल. मोठे काप जुन्या खोडाला चिकटून घेऊ नयेत. कापाखालचे लाकूड आत वाळत जाते आणि बुरशीला वाट मिळते, म्हणून थोडे ठूठ सोडावे. छाटणी जितकी उशिरा तितके डोळे काही दिवस उशिरा फुटतात, त्यामुळे दहिवराच्या पट्ट्यातल्या ओळी शेवटी घ्याव्यात आणि त्यांत एक जादा काडी उभी ठेवून धोका टळल्यावरच ती काढावी.

उन्हाळ्यातले सगळे काम पानांना ऊन आणि घडांना वारा मिळवून देण्यासाठी असते. फुटी एकमेकींवर न येता तारांच्या जोड्यांमध्ये सरळ उभ्या राहाव्यात आणि पानांची भिंत साधारण १.२ मीटर उंच असावी. घड धरल्यावर लगेच त्यांच्याभोवतीची पाने काढावीत, आधी सकाळचे ऊन पडणाऱ्या बाजूची. हे काम मणी फुगून मऊ पडेपर्यंत लांबवले तर उन्हाची सवय नसलेले मणी करपतात. बगलफुटी काढाव्यात आणि शेंडे मारावेत, पण लवकर शेंडा मारला की बगलफुटी दुप्पट जोमाने येतात.

केवडा, भुरी आणि राखाडी बुरशी हे तीन बुरशीजन्य रोग बागेचे शत्रू आहेत. केवड्यासाठी १८८० च्या दशकापासून वापरात असलेले बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) आजही कामाचे आहे, परंतु तांबे जमिनीत साठत जाते. युरोपीय संघाने त्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे. भुरीवरील गंधकाची वाफ थंड हवेत कमी होते, म्हणून फवारा प्रत्येक घडापर्यंत पोचणे अधिक महत्त्वाचे ठरते. राखाडी बुरशी तोडणीच्या वेळी दिसत असली तरी तिचे बीजाणू फुलोऱ्यातच, घडात अडकलेल्या फुलांच्या अवशेषांवर, ठाण मांडतात. घट्ट घडांच्या पिनो न्वारमध्ये फुलोरा संपतानाची फवारणी चुकवली, तर शरद ऋतूत केलेल्या कोणत्याही उपायाने ती भरून निघत नाही.

पीक किती आणि तोडणी केव्हा

मण्यांत पाणी उतरू लागले की काही वेलींवरचे घड मोजावेत, त्यांचे सरासरी वजन अंदाजावे आणि एकूण वेलींनी गुणावे. वेलीमागे १.२ किलो म्हणजे ५,००० वेलींवर ६ टन, आणि किलोला ०.६५ लिटर धरल्यास साधारण ५,२०० बाटल्या. थंड वर्षात हा आकडाही पिकत नाही. अशा वर्षी मागे राहिलेले हिरवे घड निर्दयपणे कापून टाकावेत.

फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत सुमारे १०० दिवस लागतात, पण तारीख दिवसांवर ठरवू नये. रिफ्रॅक्टोमीटर या रसातील साखर मोजणाऱ्या उपकरणावर साखर पाहावी, आम्लता आणि पीएच मोजावे, आणि वेगवेगळ्या ओळींतले, घडाच्या वरचे-खालचे, उन्हातले-सावलीतले मणी चाखावेत. बी तपकिरी झाले आहे का, साल चावल्यावर गवताची चव येते का, गर बियांपासून सहज सुटतो का, हे पाहावे. स्थिर (बुडबुडे नसलेल्या) पांढऱ्या वाइनसाठी १९ ते २१ ब्रिक्स (रसातील साखरेचे टक्के) पुरेसे असतात. बुडबुड्यांच्या वाइनसाठी याहून बरेच आधी तोडता येते. तिला सुमारे १० टक्के अल्कोहोलची, तीव्र आम्लतेची मूळ वाइन लागते, आणि म्हणूनच उन्हाची कमतरता असलेल्या बागांना हा मार्ग साधतो. बाटलीतल्या दुसऱ्या किण्वनासाठी लिटरला २४ ग्रॅम साखर घातली की सुमारे ६ वातावरणांचा दाब तयार होतो. त्यासाठी जाड काचेची बाटली हवी, आणि पैसा काही वर्षे अडकून पडण्याची तयारीही.

तळघरात

पांढऱ्या वाइनसाठी देठांसह पूर्ण घड हळूहळू दाबावेत, रस रात्रभर थंड ठेवून गाळ बसू द्यावा आणि १४ ते १८ अंशांत किण्वन होऊ द्यावे. पिनो न्वारची साल पातळ असते. तिचा चोथा दिवसातून एक-दोनदा हलक्या हाताने रसात बुडवावा. जोर लावून रंग वाढत नाही, बियांचा कडवटपणा मात्र उतरतो.

थंड हवामानात मॅलिक आम्ल जास्त उरते, कारण ते उष्णतेतच खर्ची पडते. तांबड्या वाइनमध्ये आणि बहुतेक शार्डोनेत जिवाणूंच्या साहाय्याने त्याचे सौम्य लॅक्टिक आम्ल होऊ द्यावे. रिझलिंगमध्ये ते होऊ देऊ नये. तेथे थोडी साखर शिल्लक ठेवून तोल साधावा. साखर कमी पडली तर लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखरेने एक टक्का अल्कोहोल वाढते, परंतु किती साखर घालता येते हे प्रत्येक प्रदेशाच्या कायद्याने ठरते आणि ते आधीच पाहून ठेवावे. कच्च्या द्राक्षांची चव साखरेने जात नाही.

टाक्या काठोकाठ भरलेल्या असाव्यात. म्हणून झाकण वर-खाली होणारी एक लहान टाकी मोठ्या दोन टाक्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते. बाटलीत भरण्याआधी वाइन टिकवणारे मुक्त सल्फर डायऑक्साइड पीएचप्रमाणे बसवावे : ३.१ पीएचला जे प्रमाण पुरते ते ३.५ ला पुरत नाही. वाइन काही आठवडे गोठणबिंदूजवळ ठेवली तर टार्टारिक क्षारांचे खडे टाकीतच बसतात. हिवाळ्यात दार उघडे ठेवून हे फुकट होते. प्रत्येक वाणाच्या, प्रत्येक ओळीच्या नोंदी टाकीच्या क्रमांकासह लिहाव्यात, आणि कोणत्या ओळीचा रस तीन वर्षे सलग फिका निघाला हे त्यांतून दिसले, तर ती ओळ उपटून तेथे लवकर पिकणारा वाण लावावा.