जावातील खेड्यात घर करण्यापूर्वी: जमीन, कागद आणि गाव कसे पाहावे

मुंबईत नोकरी केलेल्या मराठी माणसाची जमिनीविषयीची समज बहुधा कोकणातल्या किंवा देशावरच्या वडिलोपार्जित तुकड्यावर घडलेली असते. सातबाऱ्यावर नाव लागले की जमीन आपली, अशी ती समज आहे. जावा बेटावरील खेड्यात निवृत्तीनंतर राहावे किंवा तिथल्या जोडीदारासह संसार थाटावा, असे ज्यांच्या मनात आहे त्यांनी ही समज आधी बाजूला ठेवावी. तिथे परदेशी माणसाच्या नावावर गावची जमीन पूर्ण मालकीने कधीच लागत नाही. त्याला मिळू शकतो तो ठरावीक मुदतीचा वापर, आणि त्या वापराची खरी किंमत शेजाऱ्यांशी जुळलेल्या संबंधांवर ठरते. म्हणून या मार्गदर्शनाचा रोख 'काय विकत घ्यावे' यापेक्षा 'काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने' याकडे आहे.

इंडोनेशियाच्या जमीनविषयक व्यवस्थेचा पाया 1960 चा पाचव्या क्रमांकाचा मूलभूत कृषी कायदा हा आहे. पूर्ण मालकीला तिथे 'हाक मिलिक' म्हणतात. यातला 'हाक' म्हणजे आपलाच अरबीतून आलेला 'हक्क'. हा हक्क केवळ इंडोनेशियाच्या नागरिकांसाठी राखलेला आहे. तो परदेशी व्यक्तीकडे सरळ किंवा आडवाटेने जावा अशा हेतूने केलेला व्यवहार याच कायद्याच्या 26 व्या कलमानुसार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे ठाऊक असूनही 'जमीन माझ्या मेहुण्याच्या नावावर करू, बाजूला एक मुखत्यारपत्र आणि एक कर्जाचा कागद करून ठेवू' असा सल्ला अनेकांना दिला जातो. आपल्याकडे ज्याला बेनामी व्यवहार म्हणतात तोच हा प्रकार. नावापुरता मालक कितीही सज्जन असला तरी त्याच्या मृत्यूनंतर वारस कोणत्या मनाचे निघतील हे कोणालाच सांगता येत नाही, आणि न्यायालयात आपल्या बाजूने उभा राहील असा एकही कागद आपल्या हाती नसतो. या वाटेला कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदेशीर वाटा दोन उरतात. पहिली 'हाक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क. निवासाचा वैध परवाना असलेल्या परदेशी व्यक्तीला घरासाठी तो मिळू शकतो. 2021 च्या नियमांनुसार त्याची मुदत 30 वर्षे असून पुढे 20 वर्षांची वाढ आणि त्यानंतर 30 वर्षांचे नूतनीकरण शक्य आहे. मात्र परदेशी व्यक्तीने घ्यावयाच्या घराची किमान किंमत प्रांतवार ठरवून दिलेली आहे, आणि जावातील प्रांतांत ती अब्जावधी रुपियांत जाते. भातखाचरांच्या कडेचे साधे कौलारू घर त्या मर्यादेच्या आसपासही पोहोचत नसल्यामुळे ही वाट प्रत्यक्षात शहरी बंगल्यांची आहे. खेड्यासाठी व्यवहार्य वाट भाडेपट्ट्याचीच. त्याला तिथे 'सेवा' म्हणतात. उच्चार आपल्या शब्दासारखाच, अर्थ मात्र भाड्याचा. गावातली घरे साधारणपणे वर्षाच्या हिशेबाने, रक्कम आगाऊ घेऊन दिली जातात. पहिला करार एका वर्षाचाच करावा आणि ते वर्ष पूर्ण राहून पाहिल्याशिवाय लांब मुदतीचा विचारही करू नये.

जोडीदार इंडोनेशियाचा नागरिक असेल तर प्रश्न वेगळा होतो. तिथल्या 1974 च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर मिळवलेली मिळकत पतिपत्नींची सामाईक ठरते, आणि तिच्यात परदेशी जोडीदाराचा हिस्सा येत असल्यामुळे मालकी हक्कच अडचणीत येतो. यावर उपाय म्हणजे मिळकत विभक्त ठेवणारा करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. 2016 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर तो लग्नानंतरही करता येतो. हा करार नोटरीकडे आणि जमीन खरेदीच्या आधी झाला पाहिजे. परदेशी जोडीदाराकडे वारशाने जमीन आली तर त्याने ती एका वर्षाच्या आत नागरिकाकडे हस्तांतरित करावी लागते, हेही दोघांनी समजून उमजून ठेवावे.

आता कागद. भाडेपट्टा असला तरी घरमालकाचा हक्क तपासायचाच. नोंदणीकृत मालकीचा पुरावा म्हणजे भूमी कार्यालयाचे प्रमाणपत्र. खेड्यांत मात्र अजूनही पुष्कळांकडे 'गिरिक' किंवा गावदप्तरातील 'लेटर सी' नावाची जुनी नोंद असते. ही मूळची करआकारणीची नोंद आहे. आपल्याकडेही सातबारा हा मुळात महसुली दस्तऐवज आहे आणि मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा फरक लगेच कळेल. 2021 च्या नियमांनी अशा जुन्या कागदांच्या नोंदणीसाठी 5 वर्षांची मुदत घातली होती, त्यामुळे केवळ गिरिकवर विसंबलेल्या मालकाशी लांब मुदतीचा करार करू नये. प्रमाणपत्राची पडताळणी 'पेपेआते' या अधिकृत दस्तऐवज अधिकाऱ्यामार्फत भूमी कार्यालयात करून घ्यावी. प्रमाणपत्र मृत आजोबांच्या नावावर आणि घरात राहणारा नातू, अशी स्थिती तिथेही वारंवार आढळते. कोकणातल्या सामाईक जमिनीचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

जमिनीचा प्रकारही पाहावा लागतो. ओलिताखालचे भातशेत म्हणजे 'सावाह', कोरडवाहू जमीन म्हणजे 'तगालान' आणि घराभोवतीची परसदार जागा म्हणजे 'पकारांगान'. घर बांधण्याजोगी जागा बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकारातच असते. 2009 च्या कायद्याखाली संरक्षित ठरवलेल्या भातशेतीवर घर उभारता येत नाही, मग ते शेत कितीही स्वस्तात देऊ केलेले असो. 'तानाह बेंकोक' या जमिनीपासून तर दूरच राहावे. सरपंच आणि गावकामगारांना पगाराऐवजी किंवा पगाराखेरीज कसायला दिलेली ही गावाची जमीन आहे, जणू आपल्याकडची जुनी वतनी जमीन. पदावरचा माणूस ती काही काळ भाड्याने देऊ शकतो, पण पद गेले की त्याचा शब्दही जातो. योग्यकार्ता भागात सुलतानाच्या आणि पाकुआलाम घराण्याच्या जमिनी आहेत; 2012 च्या विशेष कायद्याने त्यांना मान्यता दिलेली असल्यामुळे तिथे चौकशी दुप्पट करावी.

जमिनीतून उत्पन्न किंवा भाववाढ मिळेल, या आशेवर तिथे जाऊ नये. जावातील असंख्य शेतकऱ्यांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे, आणि तीही अनेकदा 'मारो' पद्धतीने, म्हणजे आपल्या अर्धेलीसारखी, पीक निम्मे निम्मे वाटून कसली जाते. तरुण मंडळी जाकार्ता, सुराबाया येथील कारखान्यांकडे किंवा परदेशात जातात. 2018 च्या अखेरीस जाकार्ता ते सुराबाया टोल महामार्ग जोडला गेला, आणि कुलोन प्रोगो येथे योग्यकार्ताचा नवा विमानतळ झाला. अशा प्रकल्पांच्या आसपास जमिनीच्या दरांची चर्चा खूप असते, परंतु ती वाढ हाक मिलिक असलेल्याच्या पदरात पडते. भाडेकरूच्या वाट्याला वाढलेले भाडे येते.

गाव पाहायला केव्हा जावे, हा प्रश्न कागदांइतकाच महत्त्वाचा आहे. मुंबईत पाऊस कोसळत असतो त्या जून ते सप्टेंबरमध्ये जावात कोरडा ऋतू असतो, आणि तिथला मुख्य पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेले प्रसन्न गाव जानेवारीत पुन्हा पाहावे: रस्ता टिकतो का, विहिरीचे पाणी गढुळते का, शोषखड्डा विहिरीपासून किमान 10 मीटर दूर आहे का. ईदच्या सुमारास, ज्याला तिथे लबारान म्हणतात, शहरांतून लाखो लोक गावी परततात. गणपतीत भरलेल्या कोकणातल्या वाडीवरून जशी तिची एरवीची वस्ती कळत नाही, तसेच लबारानातल्या गावावरून तिथल्या रोजच्या जीवनाचा अंदाज येत नाही.

धोक्यांचे नकाशे जिल्ह्याच्या आपत्ती निवारण कार्यालयात मिळतात आणि ते पाहिल्याशिवाय घर ठरवू नये. मेरापीच्या राखेने माती सुपीक होते, त्याच ज्वालामुखीच्या 2010 च्या उद्रेकात 300 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि उतारावरची गावेच्या गावे हलवावी लागली. 27 मे 2006 च्या भूकंपात योग्यकार्ताजवळच्या बांतुल परिसरात 5,700 हून अधिक माणसे गेली. तिथे कोसळलेली घरे प्रामुख्याने सळई नसलेल्या विटांच्या भिंतींची होती. म्हणून चुनागिलावा पाहून समाधान मानू नये. कोपऱ्यांत सळईचे खांब आणि भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा आहे का, हे गवंड्याला सोबत नेऊन तपासावे. उत्तर किनाऱ्यावर देमाक, पेकालोंगान या भागांत जमीन खचत असून भरतीचे पाणी घरांत शिरते. मुंबईकराला भरतीची सवय असली तरी तिथे पाणी ओसरल्यावर जमीन पूर्वीच्या पातळीवर राहत नाही.

मुंबईतील तयारीबाबत थोडक्यात. इंडोनेशियाचा महावाणिज्य दूतावास मुंबईतच असल्याने निवास परवान्याची चौकशी तिथे करावी. आगमनावेळी मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा असतो आणि एकदाच तेवढाच वाढतो, त्यावर घर मांडता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. परदेशातील स्थावर मालमत्तेविषयीच्या आपल्या नियमांतून 5 वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा वगळलेला आहे, हे आणखी एक कारण की पट्टा आखूड ठेवावा. तिथे बँक खाते उघडल्यास ते आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते, याची आठवण सनदी लेखापालाला आपणच करून द्यावी.

गावात पोहोचल्यावर पहिल्या 24 तासांत 'एरते'च्या, म्हणजे आळीच्या प्रमुखाकडे जाऊन आपली नोंद करावी. जाताना घरमालकाला सोबत न्यावे, ओळख त्यानेच करून द्यावी. यानंतर रात्रीच्या गस्तीची पाळी येईल, कोणाच्या घरी लग्नाच्या स्वयंपाकाला हात लावायला बोलावणे येईल, आणि 'स्लामतान'च्या, म्हणजे प्रार्थनेसह होणाऱ्या सामुदायिक जेवणाचे आमंत्रण येईल. वय किंवा भाषेची सबब सांगून हे टाळू नये; गस्त जमत नसेल तर तसे प्रमुखाला सांगून चहाफराळाचा खर्च उचलावा, हे तिथे मानाने स्वीकारले जाते. इंडोनेशियन भाषेवर काम भागते, पण वडीलधाऱ्यांशी बोलण्यासाठी आदरार्थी 'क्रामा' जावानीजची दहावीस वाक्ये शिकून जावे. वर्ष संपताना नवा करार करायची वेळ आली, की नोटरीसमोर घरमालकासह त्याची पत्नी आणि सज्ञान मुले यांच्याही सह्या घ्याव्यात, आणि मालकाचा मृत्यू झाला तरी मुदत संपेपर्यंत करार वारसांवर बंधनकारक राहील, हे कलम त्यात शब्दशः लिहून घ्यावे.