‘गोरिला’ कसा ऐकावा

बॉन्झो डॉग डू-डा बँड या इंग्रज वाद्यवृंदाचा ‘गोरिला’ हा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६७ मध्ये लिबर्टी या कंपनीने प्रकाशित केला. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ त्याच वर्षी जूनमध्ये आला होता आणि पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम ऑगस्टमध्ये. लंडनमधले रॉक संगीतकार तेव्हा सतारी, उलट्या फिरवलेल्या टेपा आणि स्वप्नातल्या प्रतिमा यांत गढून गेले होते आणि स्वतःच्या कामाकडे फार गंभीरपणे पाहू लागले होते. अशा वेळी या मंडळींनी आपला अल्बम किंग काँगला अर्पण केला आणि तो मोठा भला गडी असला पाहिजे, असा शेराही अर्पणपत्रिकेत मारला. या सायकेडेलिक, म्हणजे स्वप्नवत संगीताच्या, काळातली चांगली ध्वनिमुद्रणे शोधणारा श्रोता कधी ना कधी या अल्बमपाशी येतो, पहिल्या गाण्यापासून लावतो आणि पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या गाण्यालाच बंद करतो. अल्बम अवघड आहे असे मुळीच नाही, पण त्यात शिरण्याचे दार पहिल्या गाण्यात नाही. ते कुठे आहे आणि आत गेल्यावर कान कुठे लावावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

विनोदी गाणे म्हणजे कोट्यांनी भरलेले गाणे, ही समजूत आधी बाजूला ठेवावी. ‘गोरिला’तला बराचसा विनोद शब्दांत नसून वाजवण्यात आणि गाण्याच्या ढबीत आहे, आणि तो विडंबनाचा विनोद असल्यामुळे मूळ चीज कानात असल्याशिवाय पोचत नाही. रविकिरण मंडळाच्या कविता ज्याने वाचलेल्याच नाहीत त्याला केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’तली खोच अर्धीच कळते, तसेच हे आहे. म्हणून अल्बम लावण्यापूर्वी अर्धा तास काढून काही मूळ ध्वनिमुद्रणे ऐकून घ्यावीत. ड्यूक एलिंग्टनचे ‘सी जॅम ब्लूज’, टोनी बेनेटने १९६२ मध्ये गाजवलेले ‘आय लेफ्ट माय हार्ट इन सॅन फ्रान्सिस्को’, एल्व्हिस प्रेस्लीचे कोणतेही एक संथ, गळा दाटून आलेले प्रेमगीत, आणि १९६०च्या आसपास इंग्लंडमध्ये ज्याची लाट आली होती त्या ‘ट्रॅड’, म्हणजे जुन्या पारंपरिक घाटाच्या, जॅझचा एखादा नमुना. केनी बॉल किंवा ॲकर बिल्क यांपैकी कोणीही चालेल. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या चित्रपटाचे शीर्षकगीत बहुतेकांच्या कानात असतेच. ही तयारी टाळू नये. नंतर ऐकताना समजावून घेण्याची वेळ आली तर हसू हातचे जाते.

थोडा इतिहासही हवा, कारण अल्बमची घडण त्याच्यावाचून विस्कळीत वाटते. हा वाद्यवृंद १९६२ मध्ये लंडनच्या कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी जमवला. जुन्या बाजारांत ७८ आरपीएमच्या तबकड्या कवडीमोलाने मिळत, आणि १९२०-३०च्या दशकांतली विसरलेली गमतीदार गाणी त्यांतून उचलून ही मुले पबांमध्ये वाजवत. बॉन्झो हा जॉर्ज स्टडीने चितारलेला, १९२०च्या दशकात लोकप्रिय झालेला कुत्रा होता आणि नावात त्याच्यापुढे आरंभी ‘दादा’ होते, पण १९१६ च्या झुरिकमधली ती कलाचळवळ प्रत्येकाला समजावून सांगण्याचा कंटाळा येऊन त्याचे ‘डू-डा’ झाले. पुढे १९६६ मध्ये त्यांचा कर्णावादक बॉब कर हा न्यू वॉडेव्हिल बँडमध्ये गेला. ‘विंचेस्टर कॅथीड्रल’ हे जुन्या घाटाचे गाणे या नावाखाली अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर तुफान गाजले होते, आणि आता तीच वेशभूषा, तोच जुना बाज घेऊन दुसरा वाद्यवृंद लोकांपुढे उभा राहणार होता. आपलेच सामान दुसऱ्याच्या दुकानात मांडलेले पाहून बॉन्झो मंडळींनी शहाणपणाचा निर्णय घेतला. जुनी गाणी पूर्ण टाकली नाहीत, मात्र त्यांच्या जोडीला स्वतःच्या रचना आणल्या आणि आजूबाजूच्या प्रत्येक प्रकारच्या संगीतावर हात चालवायला सुरुवात केली. ‘गोरिला’मध्ये १९२९ च्या सुमाराचे गाणे आणि १९६७ चे पॉप शेजारीशेजारी बसलेले दिसतात ते याच कारणाने. अल्बमला शिस्त नाही, असा आक्षेप घेणाऱ्यांना मला एवढेच सांगावेसे वाटते की ही बेशिस्त कमावलेली आहे.

आता प्रत्यक्ष ऐकण्याचा क्रम. पहिल्या बैठकीत छापील क्रम सोडावा आणि ‘द इक्वेस्ट्रियन स्टॅच्यू’ने प्रारंभ करावा. हे वाद्यवृंदाचा पियानोवादक नील इनेस याचे गाणे आहे. गावच्या चौकात घोड्यावर बसलेला कुणा मोठ्या माणसाचा पुतळा आहे आणि त्याच्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा दिवस उजळतो, एवढाच त्याचा विषय. त्या वर्षीच्या कोणत्याही इंग्रज पॉप गाण्याच्या पंक्तीला बसेल इतकी त्याची चाल बांधेसूद आहे. या वाद्यवृंदाला नीट वाजवता येते, याची खात्री श्रोत्याला आधी पटावी म्हणून हे गाणे पहिले. ती खात्री नसली की पुढचे मुद्दाम केलेले वेडेवाकडे वादन नुसते वाईट वाटते.

दुसरे ‘जॉलिटी फार्म’ घ्यावे. लेस्ली सरोनीचे हे जुने गाणे शेतावरच्या प्राण्यांच्या आवाजांनी भरलेले आहे आणि बॉन्झो मंडळी ते बरेचसे सरळपणे गातात. येथे कान एका गोष्टीकडे द्यावा: जुन्या गाण्याबद्दलची तुच्छता यात कुठेही नाही. ज्या गोष्टीवर प्रेम आहे तिची थट्टा आणि जिचा तिटकारा आहे तिची थट्टा, या दोहोंचा सूर निराळा असतो, आणि अल्बमभर हा फरक ओळखत राहणे हाच माझ्या मते ‘गोरिला’ ऐकण्याचा खरा मार्ग आहे. ‘मिकीज सन अँड डॉटर’ हे दुसरे जुने गाणे पहिल्या जातीचे. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ची जी वासलात शेवटी लावली आहे ती दुसऱ्या जातीची, आणि टोनी बेनेटच्या गाण्याचे जे केले आहे तेही.

‘जॅझ, डिलिशस हॉट, डिस्गस्टिंग कोल्ड’ या दोहोंच्या मधोमध उभे आहे, म्हणून ते तिसरे. ट्रॅड जॅझच्या लाटेत इंग्लंडभर उगवलेल्या हौशी मंडळ्यांची ही नक्कल. प्रत्येक वादक आपल्या पाळीला उत्साहाने पुढे येतो आणि सुरांची दाणादाण उडवतो. पहिल्यांदा ऐकताना केवळ गोंधळ ऐकू येईल. दुसऱ्यांदा ऐकताना सगळे लक्ष ठेक्यावर ठेवावे. वर काहीही चालले असले तरी खालचा ठेका चाललेलाच असतो, आणि त्यावरून हा बेसूरपणा किती जाणून केलेला आहे ते कळते. बेताल माणसाला बेसूरपणाचे विडंबन साधत नाही.

एवढे झाल्यावर ‘द इंट्रो अँड द आउट्रो’कडे यावे आणि इथे घाई करू नये. एलिंग्टनच्या ‘सी जॅम ब्लूज’सारखी एक साधी सुरावट सुरू होते आणि व्हिव्हियन स्टॅनशॉल हा गायक, एखाद्या रात्रीच्या क्लबातल्या गुळगुळीत निवेदकाच्या आवाजात, वादकांची ओळख करून देऊ लागतो. पहिली नावे खरी आहेत: ढोलांवर ‘लेग्ज’ लॅरी स्मिथ, मग सॅम स्पून्स, व्हर्नन डडली बोहे-नॉवेल, पियानोवर नील इनेस, सॅक्सोफोनवर रॉडनी स्लेटर आणि रॉजर रस्किन स्पिअर, कर्ण्यावर खुद्द स्टॅनशॉल. प्रत्येक नावाबरोबर ते वाद्य दाखल होते. त्यानंतर निवेदकाच्या सुरात तिळमात्र फरक न पडता झायलोफोनवर हॉलिवूडचा नट जॉन वेन येतो आणि त्याच्यामागून ही यादी सुटतेच. व्हायब्राफोनवर हिटलर, आणि तोही अगदी निवांत. अकॉर्डियनवर फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष जनरल द गॉल, व्हायोलिनवर ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन, घंटांवर कादंबरीतला नोत्र दामचा कुबडा घंटावाला क्वासिमोडो, उकुलेलेवर गिटारवादक एरिक क्लॅप्टन. काउंट बेसीचा सबंध ऑर्केस्ट्रा येतो तो एक ट्रँगल वाजवण्यापुरता.

हे गाणे हेडफोनवर तीनदा ऐकावे. पहिल्यांदा फक्त निवेदकाचा आवाज ऐकावा, कारण सारा विनोद त्याच्या अढळ सौजन्यावर उभा आहे. तो एकदा जरी हसला असता तर इमारत कोसळली असती. दुसऱ्यांदा वाद्यांकडे लक्ष द्यावे. १९६७ मध्ये लंडनच्या स्टुडिओंत चार ट्रॅकची टेप हाच रिवाज होता, तेव्हा एवढी वाद्ये एकाच वेळी गाजत ठेवणे सोपे नव्हते, आणि बरेच पाहुणे आपला सूर लावून झटकन गर्दीत विरून जातात. तिसऱ्यांदा नावांकडे वळावे, कारण त्यांतली काही इंग्रज घरांतच ओळखीची होती. जे. आर्थर रँक घंटानाद करतो, कारण त्याच्या कंपनीच्या चित्रपटांच्या आरंभी एक धिप्पाड माणूस प्रचंड घंटेवर टोला घाली. बिली बटलिन हा सुटीच्या शिबिरांचा धनी. व्हॅल डूनिकन हा स्वेटर घालून दूरदर्शनवर गोड गाणी म्हणणारा सालस गायक, म्हणून त्याच्या वाट्याला वाद्य येत नाही. तो ‘स्वतः’ म्हणूनच हजर असतो. काउबॉयपटांतला नट रॉय रॉजर्स ‘ट्रिगर’वर आहे, आणि ट्रिगर हा त्याचा घोडा. जनरल द गॉलचा टोमणा तर प्रसिद्धीनंतर अधिकच धारदार झाला, कारण १९६३ प्रमाणेच नोव्हेंबर १९६७ मध्येही त्यांनी ब्रिटनला युरोपीय बाजारपेठेचे दार बंद केले.

ओळखी करून देण्यातच गाणे संपते आणि जे वाजवायचे ते शेवटपर्यंत वाजतच नाही, हे ध्यानात आले की सायकेडेलिक काळातल्या लांबलचक प्रस्तावनांची ही किती सभ्य टवाळी आहे हेही दिसते.

पाचव्या टप्प्यात ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ आणि ‘बिग शॉट’ ही जोडी घ्यावी, कारण दोन्हींत इंग्रज कलाविद्यार्थ्यांनी कल्पनेतली अमेरिका रंगवली आहे. पहिल्यात स्टॅनशॉल एल्व्हिसचा गळा काढून, रात्री टॅक्सीने निघालेल्या तरुणीच्या अपघाताची करुणकथा सांगतो. प्रेयसी किंवा प्रियकर गाण्याच्या शेवटी मरतो अशा त्या काळच्या अमेरिकन गाण्यांचा हा समाचार आहे. ते आधी ऐकण्यापेक्षा आधी पाहिलेले अधिक चांगले. बीटल्सच्या ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ या दूरदर्शनपटात, जो बीबीसीने २६ डिसेंबर १९६७ रोजी दाखवला, बॉन्झो मंडळी एका स्ट्रिप क्लबात हे गाणे सादर करतात आणि स्टॅनशॉलच्या चेहऱ्यावरचे एल्व्हिसपण केवळ कानांनी कळण्यासारखे नाही. तीस वर्षांनंतर वॉशिंग्टन राज्यातल्या एका रॉक वाद्यवृंदाने हेच नाव घेतले. ‘बिग शॉट’ मात्र डोळे मिटून ऐकावे: पावसाळी रात्री, हॅट घातलेला गुप्तहेर, घातकी सुंदरी, आणि प्रत्येक वाक्याला एक उपमा जास्तच.

‘कूल ब्रिटानिया’ एका मिनिटाच्या आत संपते. ‘रूल ब्रिटानिया’ या राष्ट्राभिमानी गीताला दिलेली ही चापटी, जिचे शीर्षक १९९०च्या दशकात टोनी ब्लेअर यांच्या काळाचे घोषवाक्य होऊन बसले आणि तेव्हा ते कोणी थट्टेने म्हणत नव्हते. ‘नार्सिसस’ त्याहूनही छोटे आहे. ‘म्युझिक फॉर द हेड बॅले’ आणि ‘पिगी बँक लव्ह’ ही इनेसची हलकी कामे आहेत, ती दोन गाण्यांमधला विसावा म्हणून ऐकावीत. ‘लुक आउट, देअर्ज अ मॉन्स्टर कमिंग’ मात्र मला आज पूर्वीसारखे उपभोगता येत नाही. त्यात कॅलिप्सोचा बाज आणि वेस्ट इंडीजच्या उच्चारांची नक्कल उसनी घेतली आहे, आणि थट्टेचा रोख रूप पालटत सुटलेल्या माणसाच्या खुळावर असला तरी नक्कल कानाला खुपते. ते वगळले तरी अल्बमचे काही अडत नाही. उलट ‘आय अ‍ॅम बोअर्ड’ वगळू नये. सगळे जग विस्मयाने डोळे विस्फारून बसले असताना स्टॅनशॉल आपल्याला कशाकशाचा कंटाळा येतो याची फिर्याद मांडतो, आणि १९६७ मध्ये याहून धाडसी विधान क्वचितच कोणी केले असेल.

हे सर्व स्वतंत्रपणे ऐकून झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, पहिल्या गाण्यापासून शेवटापर्यंत छापील क्रमाने पस्तीसेक मिनिटांची बैठक करावी. मूळ तबकडीच्या दोन बाजू होत्या आणि दुसरी बाजू ‘द इंट्रो अँड द आउट्रो’ने उघडत असे, तेव्हा त्याआधी उठून चहा ठेवण्याइतका अवकाश जरूर घ्यावा. अलीकडच्या सीडी आणि ऑनलाइन आवृत्त्यांत अखेरीस जादा गाणी जोडलेली असतात. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ संपताच बंद करावे, कारण त्या मोडतोडीनंतर काहीही ऐकवणे म्हणजे पडदा पडल्यावर नटांनी पुन्हा बाहेर येऊन गप्पा मारण्यासारखे आहे.

पुढचा अल्बम, ‘द डोनट इन ग्रॅनीज ग्रीनहाउस’, नोव्हेंबर १९६८ मध्ये आला. तो अधिक रॉक, अधिक विचित्र आणि माझ्या मते अधिक टणक आहे. त्यात ‘कॅन ब्लू मेन सिंग द व्हाइट्स’ने शिरावे, कारण खाऊनपिऊन सुखी असलेल्या गोऱ्या ब्लूज गायकांची त्यात केलेली थट्टा आजही लागू पडते, आणि मग ‘ट्राउझर प्रेस’, ज्यात रॉजर रस्किन स्पिअरने पँटला इस्त्रीची घडी पाडण्याचे यंत्र विजेवर जोडून वाद्य म्हणून वाजवले आहे. पॉल मॅकार्टनीने टोपणनावाने निर्मिती केलेले आणि ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत पोचलेले ‘आय अ‍ॅम द अर्बन स्पेसमन’ हे त्यांचे एकमेव मोठे यश त्या अल्बमच्या ब्रिटिश आवृत्तीत नाही, ते वेगळे शोधावे लागते. आणि माइक ओल्डफील्डचा १९७३ चा ‘ट्युब्युलर बेल्स’ घरी असेल तर त्याच्या पहिल्या बाजूचा शेवट पुन्हा लावून पाहावा: तिथे एकेका वाद्याची नावे पुकारणारा तो निवेदक स्टॅनशॉलच आहे, आणि या वेळी पुकारलेले प्रत्येक वाद्य खरोखर वाजते.