विहिरीत टीसीएल टाकताना मूठ नको, माप हवं

उन्हाळ्यात विहीर तळ गाठते, पहिल्या मोठ्या पावसात भरते; टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मात्र दर खेपेला तेवढीच मूठभर पडते. पाणी कमी असेल तर उग्र वास येतो आणि लोक उघड्या डबक्याकडे वळतात. जास्त असेल तर जंतू मरतच नाहीत.

म्हणून आधी पाणी मोजा. दोरीला दगड बांधून तळाला टेकवा, वर ओढा; दोरी जिथवर भिजली तितकी खोली. तळ सपाट नसतो, तेव्हा तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी धरा. गोल विहिरीचं गणित सोपं आहे: व्यास × व्यास × खोली (सगळं मीटरमध्ये) × 785 = लिटर. 4 मीटर व्यास, 3 मीटर पाणी म्हणजे 37,680 लिटर. 33 टक्के क्लोरीनची पावडर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम लागते. इथे साधारण 94 ग्रॅम.

रात्री उपसा थांबल्यावर काम करा. नाका-तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करा. प्लास्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरून ढवळा. एका बादलीला 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरची निवळीच दुसऱ्या बादलीत घ्या. साका विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हिसके द्या, नाहीतर औषध वरच्या थरातच राहतं.

किमान एक तास थांबून ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून ओळखायची चाचणी, घ्या. नळीत पाणी घेऊन ओटी द्रावणाचे थेंब टाका आणि रंग लगेच पाहा. फिकट पिवळा रंग लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीनच्या पट्टीशी जुळला की पाणी वापरा. रंग आलाच नाही तर पुन्हा मात्रा द्या. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून पावसाळ्यात ही तपासणी अजिबात चुकवू नका. तपासणीच्या नळीतलं पाणी पिऊ नका, विहिरीतही ओतू नका.

पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा. गोळे झालेल्या, वास गेलेल्या पावडरीवर हे माप लागू पडत नाही. फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारेपणाही टीसीएलने जात नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.